मुद्दल

दर गुरुवारी सहाला
चौबाऱ्याजवळचा जिना चढून वर जातो.
खाली कापडदुकान. वर एक खोली, एक पंखा,
लोखंडी कपाट आणि पाटी : उदगीर गावनिधि.
रंगाऱ्यानं वेलांटी ऱ्हस्व काढली, तशीच राहिली.
दुरुस्तीचे दोनशे सांगतो. ठरावात बसत नाहीत.

छत्तीस वर्षं पोस्टात
दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी मोजल्या.
आता पावत्या फाडतो.
मुनीर अत्तार, एक्कावन्न, महिन्याच्या महिन्याला;
त्यांच्या नोटांमुळे कपाट उघडलं की हीना दरवळतो.
मोंढ्यातल्या हमालांचे मिळून तीनशे दहा.
पुण्याहून कुणीतरी मोबाईलवर पाच हजार पाठवतं,
खाली एकच शब्द : आईसाठी.
कुणाची आई, विचारायला नंबर लागत नाही.
मी नावाच्या रकान्यात लिहितो : आई.

नियम मन्मथअप्पा हलकुड्यांचा,
मुद्दलाला हात लावायचा नाही.
वाटायचं ते व्याज.
नवी पोरं चिडायची,
"पैसा बँकेत झोपलाय अन् वाचनालयात ट्यूब नाही!"
अप्पा सुपारी कातरत म्हणायचे,
"विरजणापुरतं ठेवावं लागतं, बाबा.
सगळं दही आजच खाल्लं तर उद्या वाटी घेऊन
शेजारी जाणार का?"
"जाईन की," शेषाबाई सोनकांबळे म्हणाल्या,
सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त आया.
"शेजार मग कशाला असतो?"

अप्पा हसले. नियम राहिला.

त्या मे महिन्यात हणमंत घंटेवाड गेला.
दोन्ही पोरं चाकणला, रात्रपाळीवर.
चव्वेचाळीस डिग्री.
आईस्कांडीवाल्यानं लाद्या दिल्या, फुकट दिल्या,
पण बर्फाचं पाणी उंबऱ्याबाहेर येत राहिलं
आणि बायका ते फडक्यानं टिपत राहिल्या,
पोरं येईपर्यंत.

पुढच्या गुरुवारी शेषाबाईंचा अर्ज.
अक्षर मोठं, ओळ चढती :
शवपेटी पाहिजे. थंड राहणारी. गावाची.
लातूरहून भाड्यानं आणूस्तोवर माणूस राहत नाही.

वैजनाथ बिरादार म्हणाले, सगळे पैसे मी देतो,
वडलांचं नाव पितळेत, झाकणावर.
"वाचणार कोण?" कुणीतरी म्हणालं. "आतला?"
हशा पिकला, आणि त्या हशातच एक आवाज,
हळू, खिडकीकडून :
"सगळ्यांना एकच पेटी?"

पंखा ऐकू यायला लागला.

शेषाबाई माझ्या वहीकडे बघत होत्या.
मुनीरसाब चष्मा पुसत बोलले,
"बरफ कू क्या मालूम, कोन सोया है."

आणि अप्पांनी पेन मागितलं.
अर्जावर पहिली सही त्यांची.

व्याज अडतीस हजारांनी कमी पडलं.
मुद्दल तिथंच होतं, हाताच्या अंतरावर.
कुणी लावला नाही हात.
शेषाबाईंनी घरातून स्टीलची वाटी आणली
आणि दारोदार गेल्या, अकरा दिवस.
खिडकीतला तो आवाज ज्या घरातला,
तिथंही. काय मिळालं ते सांगितलं नाही.
पावती मात्र मी फाडली आहे.
बिरादारांनी वीस हजार दिले. पितळ नाही.

अप्पा गेल्या माघात गेले.
मी घाईनं पेटीची किल्ली घेऊन पोचलो
तर दारातच थांबवलं सुनेनं :
"काका, आमच्यात बसवतात."

बसवलेच होते. भिंतीला टेकून, गळ्यात लिंग, कपाळभर भस्म.
मी किल्ली खिशात घातली.
त्यांच्या घरातलं कुणीच
त्या पेटीत कधी झोपणार नव्हतं.
सही करताना हे त्यांना ठाऊक होतं.

आज पेटी मोंढ्यामागे गेली आहे.
वहीत दोनच रकाने : नेली. आणली.
जात नाही, भाडं नाही.
वाचनालयाच्या ट्यूबा यंदाच्या व्याजात बसतात,
चार. पाचवीला चाळीस कमी.

"काय लिहिलालाव एवढं?"
शेषाबाई चहा ठेवतात.
शिल्लक, मी म्हणतो.
त्या पर्समधून चाळीस काढतात,
पावतीसाठी थांबून राहतात.