आधीचा आकडा

नाशिकरोडच्या प्रेसचा भोंगा झाला
की वडिलांना आठवतो तो उंच फिटर,
स्विस यंत्राच्या पेटाऱ्यांसोबत आलेला.
नाव इम्रे. कामगार म्हणायचे इमारतसाहेब.

सहा महिने होता. जेलरोडला भाड्याची खोली,
वैशाखातही मनगटापर्यंत बटणं लावलेली.
फाटकावर झडती व्हायची रोज, सगळ्यांची.
हा न सांगताच हात वर करायचा
आणि शिपाई पुढे गेला तरी खाली घ्यायचा नाही.
हवालदार पगारे शेवटी त्याचे दंड धरून
हलकेच खाली आणायचा,
बैलाच्या मानेवरून जू उतरवावं तसे.

एकदा शंभराच्या गड्डीत नव्याण्णव निघाल्या.
दारं बंद. पंखे बंद.
ऐंशी माणसं गुडघ्यांवर, टेबलांखाली,
रद्दीत, चपलांत, एकमेकांच्या टोप्यांत.
वडील आकड्यांच्या खात्यात, निवृत्ती खैरनार,
नोकरीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.
रात्री नऊला सापडली ती नोट
शाईच्या डब्याच्या बुडाला चिकटलेली.
कुणीतरी गूळ-शेंगदाणे काढले.

इम्रे तेवढा फरशीवरून उठला नाही.
बाही दुमडली त्याने, पहिल्यांदाच.
निळसर, वाकडं, सुईने टोचलेलं.
वडिलांनी धंद्याच्या सवयीने वाचलं:
शेवटचा अंक सात.
"छे," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरा बाप.
लाइन में मेरे आगे."

तिथे पहाटेच्या मोजणीआधी
बाप त्याच्या बुटांत चिंध्या कोंबायचा,
पोरगं उंच दिसावं, कामाचं दिसावं म्हणून.
पाव मोडून द्यायचा. माझं झालंय, म्हणायचा.
इतक्या वेळा म्हणाला की
पोराला ते खरं वाटू लागलं.
फेब्रुवारीत एका पहाटे सहा कमी भरला.
कारकुनाने रेघ मारली, आणि पुढचा आकडा पुकारला.

"इतना ढूँढा तुम लोग," इम्रे म्हणाला,
"एक काग़ज़ को."

वडील सांगताना इथेच थांबतात.
एकदाच पुढे बोलले:
त्या रात्री पगारेने झडती घेतली नाही त्याची.
वहीत मात्र घेतली असं लिहिलं.

नोव्हेंबरात मी त्यांना बँकेत नेतो,
हयातीच्या दाखल्याला.
टोकन हातात येतं. ते आकडा वाचतात,
डोळ्यांजवळ धरून, पुन्हा एकदा,
मग मागे वळून बघतात
मी उभा आहे का.