परमिट रूमची पाटी

शार्दूलशेठनं पत्र्याचा तुकडा दिला,
लाल रंगाचा डबा, बारका ब्रश,
म्हणाले, तुझं अक्षर चांगलंय,
लिही : कुत्र्यांना आत प्रवेश नाही.

चौदा वर्षं मी इथं टेबलं पुसतो,
जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या समोर.
अक्षराबद्दल कोणी पहिल्यांदाच बोललं.

कुत्रं तसं एकच आहे.
त्याचं नाव फोरमन.
सेकंड शिफ्ट सुटली की कामगारांच्या मागून येतो,
माणसं मोजल्यासारखा सगळ्या टेबलांखालून फिरतो
आणि चार नंबरखाली बसतो,
तिथं पंखा बरा लागतो.
भुर्जी-पावातला पाव पडला तर खातो,
नाही पडला तर हजेरी लावून जातो.
त्यानं कधी ग्लास फोडला नाही,
उधारी ठेवली नाही,
भावकीच्या बांधावरून कोणाची गचांडी धरली नाही.
हे मी नाही म्हणत,
क्रेनवाला सय्यद नईम म्हणतो,
दुसऱ्या क्वार्टरनंतर.

पण मागच्या मंगळवारी लाइट गेली
आणि फोरमननं अल्ताफच्या पोटरीला दात लावले.
शेपटीवर पाय पडला होता. पोराची चूक नव्हती,
कुत्र्याची तरी कुठं होती.
सिव्हिलला मीच नेलं.
सुई टोचताना तो हसला,
रिक्षात मात्र रडला.
म्हणून पाटी पाहिजे, हे मलाही पटतं.

नाही म्हणायला
परवा समृद्धीवरून उतरलेली एक गाडी आली.
बाईंच्या कडेवर फुटलेल्या बोंडासारखं पांढरं काहीतरी,
त्याच्या चारी पायांत मोजे.
शेठनं स्वतः एसी रूमचं दार उघडलं,
वाटीत बाटलीचं पाणी ओतलं.
मी विचारलं, मालक, आन् हे?
ते म्हणाले, येड्या, ते कुत्रं नाही, पेट आहे.
आता ही पाटी दोघांपैकी कोणी वाचायची?

तर मी बसलो मागच्या पायरीवर, क्रेटवर पत्रा ठेवून.
‘कु’ काढला.
‘त्र्यां’ अवघड, पण जमला.
‘ना’ झालं.
मग ‘आत’ लिहायला गेलो
आणि ब्रशवरचा लाल थेंब गुडघ्यावर पडला.

घनसावंगीच्या रस्त्याला भज्यांचं एक हॉटेल होतं.
माझा बाप, लिंबाजी, बाहेर उभा.
पत्र्याच्या वळचणीला खोचलेला बिनकानाचा कप
त्यानं स्वतः काढला, स्वतः विसळला,
वरून ओतलेला चहा धरला.
मी दुसरीत होतो. मला दारातून दिसत होतं,
आत चुलीपाशी एक कुत्रं निजलं होतं, पिवळं,
गिऱ्हाइकं त्याला ओलांडून जात होती.
बापाला विचारलं, ते काहून आत?
तो म्हणाला, गरम हाय, सावकाश पे.

त्या कुत्र्याचा मला पुष्कळ वर्षं राग होता.
फोरमनला कधीमधी लाथ बसते माझी,
ती त्याची नसते.

चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.
तीन अक्षरं पुसली, पत्रा गुलाबी झाला.
त्यावर लिहिलं : दार ओढून घ्या.

शेठनं वाचलं. हे काय?
म्हटलं, मालक, दार लागलं की कुत्रं येतंय कशाला.
ते थोडा वेळ पत्र्याकडं पाहत राहिले,
एसीची हवाबी वाचंल, म्हणाले,
आणि खिळा शोधायला गेले.

रात्री अकराला भोंगा झाला.
माणसं आली, दोन, पाच, आठ,
प्रत्येकानं पाटी वाचली, दार ओढलं.
सगळ्यात मागं अल्ताफ, खांद्यावर बर्फाची लादी,
पोटरीला अजून पट्टी.
आत आला तरी त्यानं टाच दाराला लावून ठेवली,
अर्धा मिनिट असेल.
बर्फाचं पाणी पायरीवर टिपटिपत होतं.

काय आत आलं ते मी पाहिलं नाही.
माझ्या हातात ऑर्डर होती.
चार नंबरचा पंखा एकवर होता,
जाताजाता तेवढा दोनवर केला.