हेही बोलले

ग्रंथालयाच्या रद्दीतून पन्नास सेंटला आणलं हे चरित्र.
पहिल्याच पानावर ठसा : बाद.
एलिफलेट वॉर्डवेल, कनेक्टिकटचा विस्मृत मुत्सद्दी.
पाचशे सहा पानं, आणि मागच्या खिशात कार्ड,
त्यावर तारखा तीनच,
शेवटची माझ्या जन्माआधीच्या हिवाळ्यातली.

पहाटेचे अडीच. बर्फ अजून डोंगरापलीकडे.
गाडीला पातं जोडून तयार आहे, हीटर कुरकुरतोय,
आणि मी, गावच्या रस्तेखात्यातला माणूस,
स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून
अडीचशे वर्षांमागच्या एका उन्हाळ्यात बसलोय.

खिडक्या बंद, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
आत माश्या, घाम, टोपांची पावडर,
आणि एकाहून एक बोलणारे.
त्यांचे पुढे पुतळे झाले, शाळांना नावं गेली.
हा कोपऱ्यात, दाढ ठणकतेय म्हणून गाल धरून.
अकराव्या दिवशी उठला.
चरित्रकार छातीठोकपणे सांगतो, दोन तास बोलला
टपालाच्या रस्त्यांवर :
फेब्रुवारीत पत्र पोहोचणार नसेल
तर जुलैत सह्या करून काय उपयोग, म्हणाला.
इतिवृत्तात एवढंच :
'श्री. वॉर्डवेल हेही बोलले.'

हेही.

गाडीत एकटाच हसलो मी.
गेल्या मार्चच्या गावसभेत
टॅनरी हिलच्या मोरीबद्दल दहा मिनिटं बोललो होतो,
हातात फोटो, पाइपाचे भाव, सगळं.
क्लार्क मर्टलबाईंनी लिहिलं : चर्चा झाली.
मोरी अजून तुंबते.

मला आवडायला लागला हा माणूस.
पदरमोड करून सैन्याला नऊशे जोड बूट पुरवले त्याने;
भरपाई मिळाली कागदी नोटांत,
आणि ती हातात पडेतो
तेवढ्यात एक हंस आला, तोही म्हातारा.
कुरकुर नाही केली. वहीत लिहिलं : हंस, चिवट.

मग पान तीनशे बारा.
सभेत एक मत कमी पडतंय, हा तापाने अंथरुणात,
घोडा लंगडा, टपालवाला आलाच नाही.
पत्र वेळेत पोहोचलं म्हणून ठराव तरला.
पत्राच्या भाषेवर चार पानं आहेत,
शाईवर अर्धं.
ते गेलं कसं, तर एका वाक्याच्या शेपटीला :
'घरातल्या फिबीच्या हाती रवाना केले.'

घरातल्या.
मी मागे सूचीत गेलो.
बूट : एकोणीस ठिकाणी.
फिबी : ३१२, ४८९.
चारशे एकोणनव्वद म्हणजे मृत्युपत्रानंतरची यादी,
दोन जस्ती भांडी, एक गाय, फिबी, एक घड्याळ (बंद).

तेरा मैल. फेब्रुवारी.
रस्ता हाच, माझा, रूट सात,
तेव्हा नुसती झाडांवर मारलेली खूण.
ज्याने नऊशे जोड मोजून दिले
त्याच्या घरातून निघताना
तिच्या पायांत काय होतं
हे पाचशे सहा पानांत कुठेच नाही.
पण समासात पेन्सिलीने, फिकट,
माझ्या आधीच्या तिघांपैकी कुणीतरी
एक प्रश्नचिन्ह काढलंय,
इतकं दाबून की पलीकडच्या पानावर उमटलंय.

रेडिओ खरखरला. डिस्पॅचवर वेर्ना :
"सुरू झालं रे हॅरलन. तू निघ."
पुस्तक डॅशबोर्डवर उपडं ठेवलं.

पातं खाली. पहिल्या वळणाशी
तो जुना मैलाचा दगड, अक्षरं झिजलेली;
दर हिवाळ्यात त्याला वळसा घालतो मी,
पात्याला खोक पडू नये म्हणून.
आजही घातला.
पण जरा सावकाश,
दिव्यांच्या उजेडात पुढे कुणी चालत असावं तसा,
आणि मागून येणाऱ्या दूधगाडीने
दोनदा हॉर्न मारला.