पत्ता अपुरा

माझा बाप टपाल वाटायचा. चौतीस वर्षं, रूट नंबर तीन,
याझू नदीच्या अलीकडचे कापसाचे मळे
आणि पलीकडचं कुणाचंच नसलेलं पाणथळ.
कुत्री त्याला वासानं ओळखत, तो कुत्र्यांना नावानं.
चुकलेलं नाव मात्र त्याला खपायचं नाही.
जुन्या तबकडीच्या लेबलावर
सरकारी पेनानं एक अक्षर खोडून दुसरं लिहायचा:
मिन्स नव्हे, मिम्स. क्लिओथा मिम्स.
'नाव चुकलं की पत्र परत येतं,' म्हणायचा,
'हिचं तर गाणंच परत गेलंय.'

एकोणीसशे एकतीस. दोन बाजू, एका दुपारात,
फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर.
मोबदला बारा डॉलर आणि परतीचं तिकीट.
मग कंपनी बुडाली, साचे भंगारात गेले,
बाई कुठं गेली ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

रविवारी रात्री अकराला रेडिओवर त्याचा एक तास,
खताच्या जाहिराती आणि कोण वारलं ते सांगून झाल्यावर.
ऐकणारे किती?
आई म्हणायची, दारातली गोगलगाय धरून नऊ.
त्या नऊ जणांसाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

मला ब्लूज आवडत नसे, खरं सांगते.
बारा वर्षांची मी, मांडीवर टेपरेकॉर्डर, खिडकीतून धूळ.
एकच ओळ दोनदा का म्हणतात ही माणसं?
गिअर बदलत बाप म्हणाला,
'पहिल्यांदा म्हणताना आपलाच विश्वास बसत नाही.
दुसऱ्यांदा म्हटली की तिसरीला धीर येतो.'

क्लिओथा मेम्फिसमध्ये सापडली,
हॉटेलच्या तळघरात चादरींच्या घड्या घालताना.
'दुसरी कुणी असेल,' म्हणाली, आणि घरी जाऊन दार लावलं.
बापानं तिचा उंबरा अकरा वेळा झिजवला.
कधी पीकनची पिशवी घेऊन,
कधी नुसत्याच हवापाण्याच्या गोष्टी.
बाराव्या खेपेला पायरीवर बसून
बुटाची नाडी बांधता बांधता तिचंच गाणं गुणगुणत होता.
जाळीच्या दारामागून आवाज आला:
'दुसऱ्या कडव्यात नदी नाहीये.
तिथं मी फक्त "थांब" म्हटलं होतं.
चाळीस वर्षं चुकीचं ऐकताय.'

मी बटण दाबलं.
आयुष्यात तेवढं एकच काम मी वेळेवर केलं.

ती पुन्हा गायली, एकदाच, चर्चच्या मागच्या खोलीत.
सतरा माणसं, त्यात दोन झोपलेली.
गाण्याआधी हात पुढे करून म्हणाली, 'आधी पैसे.'
बाप एवढा खूश मी कधी पाहिला नाही.

माझ्या शाळेच्या शेवटच्या समारंभाला तो नव्हता.
आर्कान्सामध्ये कुणा गिटारवाल्याला पुरायला गेला होता,
फुलं आमच्या फ्रीजच्या हप्त्यातली.
हे मी त्याला माफ केलेलं नाही.
अजून ठरवलेलं नाही, असं म्हणते.

बाप मार्चमध्ये गेला. टपाल येतच राहतं.
काल एक पाकीट: क्लिओथा मिम्स, द्वारा विंबर्ली.
लांबच्या कुठल्याशा देशात तिचं गाणं वाजलं,
त्याचे चार डॉलर अकरा सेंट.
ती जाऊनही वीस वर्षं झाली.
एक भाची होती, गॅरी शहरात, घर नंबर पुसट.
बापाच्या खणात 'परत पाठवा' असा शिक्का आहे,
शाईची गादीही.
मी गाडीची किल्ली घेतली.

तिसरा दिवस. कारखान्यामागची गल्ली, जाळीचं दार.
'इथं मिम्स कुणी राहतं का?'
आत टीव्ही चालू. उत्तर नाही.
मी पुन्हा तेच विचारते.
एक मुलगा येतो, तोंडात घास.
'कोण? मिन्स?'
'नाही,' मी म्हणते,
आणि पर्समध्ये पेन शोधू लागते.