कातावोली

डॉक्टर मीरसीनी, माझ्या धाकट्या भावाहून लहान,
तिनं तक्त्यावर एक शब्द लिहिला, पेन खिशाला खोचलं.
कातावोलिझ्मोस.
मी विचारलं, म्हणजे किती भरायचे?

हसू नका. पोथियाच्या पाणी-कार्यालयात
एकोणीस वर्षं मी जवळपास याच शब्दाचा शिक्का मारतेय.
कातावोली : रक्कम भरली.
जांभळी शाई, तारीख, पावती फाडायची, पुढचा.
माझ्या लेखी तो काचेखालच्या फटीतून
आत सरकणाऱ्या दमट नोटांचा शब्द.

नाही, ती म्हणाली. मोडणं.
शरीर मोठं मोडून लहान करतं,
लहान मोडून ऊब.
तुमच्यातही चाललंय ते, आत्ता, इथे उभ्या असताना.
त्याच्या जोडीला बांधणं चालू असतं म्हणून कळत नाही.
तुमच्या वडलांचं बांधणं थांबलंय.

पलंगावर साकेलारिस, माझा बाप.
ह्याच्या खांद्यांवरून आम्ही चौघं बंदरात उड्या टाकायचो.
आता दोन खुंट्या आणि त्यांना अडकवलेला
दवाखान्याचा सदरा.

आधी साखर गेली, जेमतेम एका दिवसाची.
मग चरबी. आता मांड्या, दंड.
चरबी जाते कुठे? मी विचारलं. (गिऱ्हाइकाला मी नेहमी विचारते,
गळती कुठे आहे?)
थोडी पाणी होऊन, बाकीची श्वासातून.
श्वासातून?
हो, जवळजवळ सगळी.

ती गेल्यावर मी बाबाच्या नाकाखाली तळवा धरला.
कोमट.
हा माणूस एका श्वासात तळ गाठून
तीन स्पंज कापून वर यायचा,
आणि आता थोडा थोडा करून
माझ्या हातावर सांडतोय.

आमच्या दाराला अजून आजोबांचा धोंडा टेकण आहे.
चपटा, संगमरवरी, कडा घासून गुळगुळीत.
तो पोटाशी धरायचा, छाती भरून घ्यायची
आणि होडीच्या काठावरून स्वतःला खाली टाकायचं.
बाबा पोरवयात त्याच्यावरच शिकला, रबरी नळी नंतर आली.
खाली टाकणं. शब्दात एवढंच आहे,
आमच्या कालिओपी बाई फळ्यावर तो मधोमध चिरून दाखवायच्या.
पैसे खाली टाकले की भरणा.
दगड खाली टाकला की पाया.
जगाचा पाया घातला तेव्हापासून, असं पाद्री म्हणतो
तोही हाच शब्द, आणि मी चर्चमध्ये दरवेळी
शिक्क्याचा आवाज ऐकते.

स्पंजवाल्यांना रक्कम आगाऊ मिळे.
ईस्टरनंतर गलबतं सुटायची, त्याआधी घरात
नवे बूट, पिठाचं पोतं, आईचा रडका चेहरा.
दिवसभर उपाशी राहायचं, कारण भरल्या पोटी दम टिकत नाही.
बाबा मे महिन्यात जातो आणि ऑक्टोबरात
अर्धाच परत येतो, असं आई म्हणायची.
मग हिवाळाभर त्याला बांधायची :
वाटाणे, कोकरू, मध, भांडणं.

मी पण आणलाय रस्सा.
चमचा ओठाशी नेला की तो मान फिरवतो,
बिल चुकलंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

रात्री अडीचला त्यानं डोळे उघडले.
किती वाव?
मी आकडा ठोकून दिला. बावीस, बाबा.
बरं, म्हणाला. पाणी स्वच्छ आहे.
आणि सलाईनच्या नळीला
त्यानं दोन हिसके दिले,
हळू, पण ठरवून दिलेले.

दोरीची ती खूण गलबतावरच्या पुरुषांना माहीत.
मला कधी कुणी गलबतावर नेलं नाही.
दोन म्हणजे वर ओढा,
की दोन म्हणजे अजून दोर सोडा,
ते मला ठाऊक नाही.
मी नळी धरून बसले आहे.