सीटची दांडी

लोखंड बोलतं.
तुटायच्या आधी वाकतं, करकरतं,
मालकाला दोन दिवसांची मुदत देतं.
हे काळं कार्बनचं हाडूक मात्र
उचललं तर सुपातल्या पापडांएवढं,
आणि गप्प.

प्रणोती टेंभुर्णेनं ते नागपुराहून आणलं, सेकंडहँड.
आधीचा मालक सहा फुटी.
त्यानं सीटची दांडी आत सारून
दोन नळ्यांचा डिंक भरला होता, कायमचा.
ही पाच फूट एक. बसली की पाय लोंबतात.
शर्यत रविवारी, ब्रह्मपुरीला.
"दादा, दांडी काढून द्या. बाकी मी पाहून घेतो."

मंगळवारी पाना लावला, ट्यूबचा पट्टा गुंडाळून.
दांडी ढिम्म.
बुधवारी मंदाच्या पार्लरचा ड्रायर आणला,
बोट टेकवून टेकवून, बोटाला सोसेल तेवढाच,
कारण ही नळीसुद्धा डिंकातच विणलेली.
जास्त तापवलं
तर धरणारा आणि धरलेला एकदमच सुटतील.
बाहेर पंचेचाळीस. ड्रायर बंद केला तरी काही फरक नाही.

शुक्रवारी नन्नावरे आले, गुरांच्या दवाखान्याचे.
गाडीला ती बुटकी बरणी बांधलेली,
जिच्यात मुऱ्हा रेड्याचं बी बर्फाच्याही खाली झोपलेलं असतं.
"दांडी ॲल्युमिनियमची ना?
मंग गारठली का आकसते. तुझी नळी नाही आकसत."
"अन् रेड्याचं काय?"
"त्याले पुरून उरते."

दांडीचं डोकं करवतीनं उडवलं.
आत चिंध्यांचं बूच ठासलं.
लांब दांड्याच्या ओगराळ्यानं नन्नावरेंनी
एक एक घोट पाजला.
पांढरा धूर जमिनीवरून चालत गेला,
शेजारची शेळी दावं ताणून मागं सरली.

टक्.

कोण तुटलं, कळेना.
प्रणोतीनं विचारलंच नाही.
मी खिशातला रुपया काढला
आणि नळी वरून खाली वाजवत गेलो,
टरबूज घेताना वाजवतात तशी:
टिक, टिक, टिक,
सांध्यापाशी श्वास धरून,
टिक.

मग पट्टा फिरवला.
तसूभर. मग वीतभर.
राखेसारखी भुकटी सांडत दांडी बाहेर आली,
गारेगार, कुरूप, अंगभर पांढरं फुललेलं.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नन्नावरे झाकण लावून तळोधीला निघाले,
तिथं एक म्हैस सकाळपासून खोळंबली होती.

रात्री घरी रुपयानं माठ वाजवला,
खाटेचा पाय, दाराची चौकट.
मंदा म्हणाली, झालं काय तुम्हाले?
माझ्या गुडघ्याचा आवाज
मी तिला सांगितला नाही.