महासंगम

हौसाक्का चौगुले, साखरवाडी, निपाणी.
कनेक्शन नंबर एकशे सतरा.
केबलचं बिल एकदाही थकवलं नाही,
पण दर महिन्याला दारातच माझी उलटतपासणी.

"बारा तारखेला सुरी खुपसून मारलेला दीर
आज आठच्या मालिकेत डॉक्टर हून नाडी बघतोय.
कोण विचारत न्हाई व्हय रे?"
आक्का, नट एक, गोष्टी दोन.
"आन् दोन्ही गोष्टीतली माणसं परवा
एका मांडवात जेवाय बसली, तवा?"

त्याला महासंगम म्हणतात, मी सांगतो.
साडेसातचं घर आणि आठचं घर,
मधे एक लग्न घालून एका तासात शिवायचं.
शिवण उसवते तिथं हौसाक्काचं बोट.

रतिबाच्या दुधाची जुनी वही आहे तिच्याकडं.
मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं:
'आठमधी थोरलीचं दिवस भरलं. लग्नात पोट न्हाई.'
'वकील साडेसातला मुका. लग्नात मंगलाष्टका म्हटल्या.'
'सासूचा तीळ डावीकडं गेला.'

भिंतीपलीकडं कस्तुरव्वा तीच मालिका कन्नडमध्ये बघते,
तिथली गोष्ट सहा महिने पुढं.
परसातनं ओरडत आली एकदा, "सत्तळु, हौसाक्का! धाकटी सत्तळु!"
आणि इकडं धाकटी डिंकाचे लाडू वळत बसलेली,
हसत, कपाळावर पिठाचा डाग.
हौसाक्का टीव्हीजवळ सरकली.
"खा गं बाई," म्हणाली, "तू बी एक खा."

मालक आण्णाप्पा. तंबाखूचा टेम्पो चालवायचे.
सोमवार ते गुरुवार घरी,
शुक्रवारी कोगनोळी नाक्यापल्याड,
कागलला, गाडीचं काम.
पंचवीस वर्षं गाडीचं तेच काम.
नाक्यापुढं पाट्यांची अक्षरं बदलतात.
माणसाला तेवढं पुरत असावं.

ते मार्गशीर्षात गेले.
तेराव्याला मी पाणी वाढत होतो.
कागलच्या गाडीतनं एक बाई उतरल्या,
बरोबर कॉलेजातली मुलगी,
आणि मुलीच्या तोंडावर आण्णाप्पांचं नाक.
पंगतीतले घास थांबले.
मालिकेत अशा वेळी ढग गडगडतो,
एकेक तोंड तीन-तीनदा दाखवतात.
इथं नुसता वाटीत चमचा वाजला कुणाचा तरी.

बाईंचं नाव मालन. पिशवीतनं फोटो काढला.
हौसाक्कानं तो उजेडाला धरला.
"हे घड्याळ टेम्पोतनं चोरीला गेल्यालं."
"वाढदिवसाला आणलंय म्हणाले मला."
"वांगं खाईत न्हवते."
"वांग्याबगार जेवत न्हवते आमच्यात."
"पाण्याला भ्यायचे. वेदगंगेत कधी पाय बुडवला न्हाई."
मालनबाई गप्प.
मुलगीच म्हणाली, खाली बघून,
"मला पोहायला पप्पांनी शिकवलं. दूधगंगेत."

कस्तुरव्वानं पदर तोंडाला लावला.
मोठा चुलता उठला, काहीतरी बोलायचं म्हणून उठला,
आणि परत बसला.

हौसाक्का आत गेली ती वही घेऊन आली.
मला वाटलं, आता ही लिहिणार.
पण तिनं पानं मागं उलटली, खूप मागं,
मालिकांच्याही आधीची,
पेन्सिल पुसट होऊन करडी झालेली.
पाण्याचा जग हातात धरून मी वाचलं:

'शुक्रवार. जाताना निळा शर्ट, तिसरं बटण तुटल्यालं.
सोमवार. बटण हाय. दोरा काळा.'

त्याखाली वर्ष. मी तेव्हा चौथीत असेन.
त्याखाली आणखी काही नाही, ओळ मारलेली,
आणि मग दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, अर्धा लिटर, खाडा.

मालनबाईंनी बोट ठेवलं त्या ओळीवर.
बराच वेळ ठेवलं.
"निळा हुडकला मी," त्या म्हणाल्या,
"सगळ्या गल्लीत हुडकला. मिळाला न्हाई त्या दिवशी."